डब्यावरचा त्रिकोण आणि सशाचा डोळा

गेल्या दोन महिन्यांत नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरणारी निघाली: एखादा पदार्थ कातडीला किंवा डोळ्याला झोंबेल की नाही, हे तो बाजारात येण्याआधी कोण ठरवते आणि कसे? म्हणून या वेळी सदरात दुसरा विषय घेतलेला नाही. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांच्या विनंतीवरून नावे गाळली आहेत.

प्रश्न: आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर बुरशीनाशक कालवताना आमच्याकडे कामाला येणाऱ्या एका ताईंच्या डोळ्यात भुकटी उडाली. पुड्यावर हिरवा त्रिकोण होता, म्हणून आम्ही फारसे मनावर घेतले नाही. त्यांनीही पदराने डोळा पुसला आणि कामाला लागल्या. संध्याकाळपर्यंत डोळा लालबुंद झाला आणि पुरता बरा व्हायला नऊ-दहा दिवस गेले. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक ना? मग असे कसे झाले? (एक द्राक्ष बागायतदार)

उत्तर: हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक, हा समज आपल्या जिल्ह्यात घरोघरी आहे आणि औषध विकणारे दुकानदारही तो बिनदिक्कत पसरवतात. हा त्रिकोण कीटकनाशक नियम, १९७१ यांनुसार छापला जातो आणि त्याचा रंग एकाच गोष्टीवरून ठरतो: प्रयोगातल्या जनावरांपैकी निम्मी मरण्यासाठी त्यांच्या वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम औषध लागले. तोंडावाटे ५० मिलिग्रॅमपर्यंत लागले तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५,००० निळा आणि ५,०००च्या वर हिरवा. कातडीवाटे अंगात भिनणाऱ्या विषासाठी असेच, पण वेगळे आकडे आहेत. म्हणजे त्रिकोणात मरणाचा हिशेब आहे, झोंबण्याचा नाही. हिरवी मिरची खाऊन कोणी दगावत नाही, पण ठेचा वाटलेला हात डोळ्याला लागला की काय होते, हे सांगायला त्रिकोण लागत नाही.

डोळ्याचा आणि कातडीचा दाह होतो का, हे कीटकनाशकाच्या नोंदणीसाठी वेगळे तपासले जाते आणि त्याचा निष्कर्ष रंगात नव्हे, तर शब्दांत उतरतो. ‘डोळ्यांशी संपर्क टाळा’, ‘हातमोजे व चष्मा वापरा’ ही वाक्ये पुड्याबरोबरच्या घडीच्या माहितीपत्रकात असतात. ते पत्रक अनेक भाषांत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले असते, त्यामुळे बांधावर पुडा फोडताना ते तिथेच पडते, यात दोष एकट्या शेतकऱ्याचा आहे असे मी म्हणणार नाही.

तुमच्याकडच्या ताईंचे नुकसान दोन कारणांनी वाढले असावे. भुकटीचे कण डोळ्यात असताना पदराने पुसणे म्हणजे ते कण बुबुळावर घासणे. शिवाय पाण्याने धुतले नसल्यामुळे औषध तासन्‌तास पापणीच्या आत राहिले. भुकटी डोळ्यात गेली की हात, पदर, रुमाल काहीही न लावता स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा उघडा धरून किमान १५ मिनिटे धुवावा आणि मग डॉक्टर गाठावा. औषध कालवण्याच्या जागी पिण्याच्या पाण्याचा एक भरलेला कॅन नेहमी ठेवावा. ड्रिपची नळी त्यासाठी उपयोगाची नाही, कारण त्या नळीतून कधी खत सोडलेले असते, तर कधी आम्ल.

याच हंगामातली एक गोष्ट जाता जाता सांगतो. छाटणीनंतर काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून जी पेस्ट लावतात, त्यातले हायड्रोजन सायनामाइड हे वेलीच्या डोळ्याला जागे करते, माणसाच्या डोळ्याला मात्र ते गंभीर इजा करू शकते आणि कातडी सोलवटते. ते लावणाऱ्याने त्या दिवशी किंवा त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत दारू घेतली, तर चेहरा लाल होणे, छाती धडधडणे, रक्तदाब उतरणे असा त्रास होतो. छाटणीची टोळी संध्याकाळी कुठे बसते हे बागायतदाराला ठाऊक असतेच, तेव्हा हे त्यांच्या कानावर आधीच घालावे.

प्रश्न: मी औषधनिर्माणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सशाच्या डोळ्यावर आणि कातडीवर पदार्थ लावून दाह पाहण्याची ‘ड्रेझ चाचणी’ आमच्या पुस्तकात दोन ओळींत संपते. ती नेमकी कशी करत, का सुरू झाली आणि अजून होते का? यावरून आमच्या वर्गात कडाक्याचे भांडण झाले. (विद्यार्थिनी, गंगापूर रोड)

उत्तर: सुरुवात अमेरिकेतल्या एका सौंदर्यप्रसाधनापासून झाली. १९३३च्या सुमारास तिथे ‘लॅश लूर’ नावाचा पापण्या रंगवण्याचा रंग विकला जात होता. त्यात पॅराफिनिलिनडायअमीन हे रसायन होते. तो लावलेल्या काही स्त्रियांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाली, दृष्टी गेली, एकीचा मृत्यूही झाला; आणि तरीही सरकारला तो बाजारातून उचलता येईना, कारण तेव्हाच्या कायद्यात सौंदर्यप्रसाधने बसतच नव्हती. १९३८च्या नव्या कायद्याने ती बसवली. मग प्रश्न आला की धोका मोजायचा कशाने. तिथल्या अन्न व औषध प्रशासनातले जॉन ड्रेझ आणि त्यांचे दोन सहकारी वुडर्ड व कॅल्व्हरी यांनी १९४४ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि त्यातली पद्धत पुढे जगभर ड्रेझ यांच्या नावाने ओळखली गेली.

पद्धत अशी. पांढरा ससा घ्यायचा, कारण त्याचे डोळे मोठे, रंगद्रव्य नसलेले आणि पाहायला सोपे असतात. खालची पापणी हलकेच पुढे ओढली की तिची इवलीशी वाटी होते. तिच्यात ०.१ मिलिलिटर द्रव किंवा तेवढ्या मापाची, ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त नाही अशी भुकटी टाकायची आणि दोन्ही पापण्या क्षणभर मिटून धरायच्या. दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. मग १, २४, ४८ आणि ७२ तासांनी पाहायचे आणि इजा राहिली असेल तर २१ दिवसांपर्यंत पाहत राहायचे. कातडीसाठी पाठीवरचे केस कातरून सुमारे ६ चौरस सेंटिमीटर जागेवर ०.५ मिलिलिटर पदार्थ गॉजखाली ठेवायचा. पूर्वी तो २४ तास ठेवत, पुढे ४ तासांवर आणले. लाली आणि सूज यांना प्रत्येकी ० ते ४ गुण.

डोळ्याचे गुण एकूण ११० असत. त्यांतले ८० एकट्या कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, १० परितारिकेला, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्याला, आणि २० पापणीच्या आतल्या अस्तराला. ही वाटणी उगीच नाही: अस्तर लाल होऊन ओसरते, पण कॉर्निया पांढुरका झाला की नजर जाते.

१९८०च्या दशकात काही महिने मी एका खासगी प्रयोगशाळेत हे काम केले आहे, म्हणून पुस्तकात नसलेले थोडे सांगतो. सकाळी प्राणिगृहात शिरले की ओल्या भुश्श्याचा आणि घासाचा वास येई. सशाला पेटीत असे बसवत की फक्त डोके बाहेर राही. औषध घातल्यावर ससा ओरडत नाही. कान मागे पाडतो आणि डोळा घट्ट मिटून घेतो, इतकेच. चोवीस तासांनी त्या डोळ्यात फ्लुरेसीनचा पिवळा थेंब घालून निळ्या प्रकाशात पाहिले, की जिथे कॉर्नियाचा वरचा थर गेला आहे तेवढीच जागा हिरवी चमकते. त्या हिरव्या डागाकडे पाहून तक्त्यावर आकडा लिहायचा. मी ‘२’ लिहिला तिथे माझ्या सहकाऱ्याने ‘३’ लिहिला, असे आठवड्यातून एकदा तरी होई आणि मग जो ज्येष्ठ त्याचा आकडा राही. १९७१ मध्ये वाइल आणि स्काला या दोन संशोधकांनी तेच पदार्थ वीसहून अधिक प्रयोगशाळांकडे पाठवले, तेव्हा एकीने ज्याला सौम्य म्हटले त्याला दुसरीने तीव्र दाहक ठरवलेले आढळले. तो निबंध मी पुष्कळ नंतर वाचला आणि आमचा तक्ता डोळ्यांपुढे आला.

दुसरी अडचण सशाचीच. त्याला तिसरी पापणी असते, तो क्वचितच पापणी लववतो, त्याचे अश्रू कमी आणि कॉर्निया माणसापेक्षा पातळ. त्यामुळे त्याच्या डोळ्यात घातलेला पदार्थ टिकून राहतो आणि बऱ्याचदा माणसाच्या डोळ्यापेक्षा जास्त इजा करतो. सुरक्षिततेच्या बाजूने झुकलेली चूक म्हणून काही लोक याचे समर्थन करतात. मला ते पटत नाही, कारण चूक कुठल्या बाजूला आणि किती झुकली हे त्या चाचणीतून कळतच नाही.

रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच प्राण्यांऐवजी दुसरे साधन, प्राण्यांची संख्या कमी, आणि वेदना कमी अशी त्रिसूत्री मांडली होती. सार्वजनिक रेटा मात्र १९८०मध्ये आला. प्राणिहक्कांसाठी लढणारे हेन्री स्पायरा यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला जाब विचारला आणि त्या कंपनीला पर्याय शोधण्यासाठी रॉकफेलर विद्यापीठाला निधी द्यावा लागला.

आज पर्याय आहेत. कत्तलखान्यात एरवी फेकून दिल्या जाणाऱ्या गुरांच्या डोळ्याचा कॉर्निया एका चौकटीत बसवून त्यावर पदार्थ ठेवतात, तो किती गढूळ झाला आणि त्यातून रंग किती झिरपला हे यंत्राने मोजतात. कोंबडीच्या डोळ्यावरही असेच करतात. या दोन्ही पद्धतींना ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००९मध्ये मान्यता दिली. कातडीसाठी २०१० पासून मान्य असलेली पद्धत मला सर्वांत देखणी वाटते: शस्त्रक्रियेत काढलेल्या, दात्याच्या संमतीने मिळालेल्या मानवी त्वचेच्या पेशींपासून करडईच्या दाण्यापेक्षा फारशी मोठी नसलेली त्वचेची चकती वाढवतात, तिच्यावर पदार्थ लावून धुतात आणि सुमारे ४२ तासांनी एमटीटी नावाचे पिवळे द्रव्य घालतात. जिवंत पेशी त्याला जांभळे करतात. जांभळा रंग निम्म्यावर किंवा त्याखाली आला तर पदार्थ दाहक. इथे ज्येष्ठाचा आकडा चालत नाही, रंगमापक यंत्राचा चालतो. मला यावरून आमच्या भागातली बोर्डो मिश्रणाची, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकाची, जुनी पारख आठवते: घासलेला लोखंडी विळा मिश्रणात बुडवायचा, पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे आहे, चुना आणखी हवा. पानावर फवारून पान करपते का हे पाहण्यापेक्षा हे शहाणपणाचे.

आता ‘अजून होते का’ याचे उत्तर. सौंदर्यप्रसाधनांसाठी आपल्या देशात होत नाही: मे २०१४मध्ये त्यांच्या प्राण्यांवरील चाचणीवर आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून प्राण्यांवर तपासलेल्या प्रसाधनांच्या आयातीवर बंदी आली. कीटकनाशके, औद्योगिक रसायने आणि काही औषधे यांना ही बंदी लागू नाही. तिथे १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखालची केंद्रीय समिती आणि संस्थेची स्वतःची नैतिक समिती परवानगी देतात. ओईसीडीच्या आजच्या नियमावलीप्रमाणे आधी उपलब्ध माहिती तपासायची. पदार्थाचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप) २ किंवा त्याखाली अथवा ११.५ किंवा त्यावर असेल तर तो जाळणाराच धरून प्राण्याला हात लावायचा नाही. मग काचपात्रातल्या चाचण्या. आणि त्यानंतरही प्रश्न उरला तरच, सुरुवातीला एका प्राण्यावर, तेही २०१२ पासून वेदनाशामक आणि बधिर करणारे थेंब देऊन. आमच्या वेळी थेंबही नव्हते आणि विचारणारेही कोणी नव्हते.

तुमच्या वर्गातल्या भांडणात मी कोणाच्या बाजूने, असे विचाराल तर सांगतो: ही चाचणी बंद व्हावी असे म्हणणाऱ्यांच्या. मात्र त्यांनीही लक्षात ठेवावे की आज लेबलांवर जे इशारे आहेत, त्यांतले पुष्कळसे याच जुन्या तक्त्यांवरून आलेले आहेत, आणि नव्या पद्धतींची पारखही त्याच आकड्यांशी ताडून केली गेली आहे.

प्रश्न: पंचवटीत माझे ब्यूटी पार्लर आहे. लग्नसराईत बायका केसांबरोबर भुवयाही काळ्या करून मागतात. डबीवर ‘भुवयांना लावू नये’ असे लिहिलेले असते, पण कंपनीने सगळे तपासूनच विकायला काढले असणार ना? शिवाय काही डाय हर्बल असतात. (पार्लरचालक)

उत्तर: ताई, ते वाक्य कंपनीने आपणहून लिहिलेले नाही, पॅराफिनिलिनडायअमीन किंवा तत्सम रंग असलेल्या केशरंगावर ते छापणे आपल्या कायद्याने सक्तीचे आहे. भुवया किंवा पापण्यांना लावल्यास डोळ्यांचा तीव्र दाह होऊन अंधत्वही येऊ शकते, असा त्याचा आशय आहे. वरच्या उत्तरात ज्या पापण्यांच्या रंगाची हकीकत सांगितली, त्यातले रसायन हेच.

‘कंपनीने तपासले असणार’ यात एक फसगत आहे. सशाच्या डोळ्यावर किंवा पाठीवर जे दिसते तो दाह, म्हणजे पदार्थ थेट पेशींना जाळतो का, एवढेच. या रसायनाचा मोठा धोका ॲलर्जीचा आहे. शरीर त्याला एकदा ओळखून बसले, की पुढच्या खेपेला अगदी थोडे लावले तरी चेहरा सुजतो, आणि दहा वेळा काही न होता अकराव्या वेळी हे घडू शकते. ॲलर्जी तपासण्यासाठी गिनीपिग किंवा उंदरांवरच्या वेगळ्या चाचण्या होत्या, पण तुमच्या खुर्चीत बसलेल्या बाईचे शरीर काय ओळखून बसले आहे ते कोणत्याही जनावराला सांगता येत नाही. म्हणून डबीवर सांगितलेली चाचणी तिच्यावरच, आणि प्रत्येक वेळी करायची: कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला कालवलेला रंग थोडासा लावून वाळू द्यायचा. डबीवर २४ तास लिहिलेले असते; ॲलर्जी दिसायला कधी त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून मी दोन दिवस थांबायला सांगेन. लग्नाच्या आदल्या दिवशी येणाऱ्या गिऱ्हाइकाला हे जमणार नाही, हे खरे. तिला नाही म्हणावे.

हर्बल हा शब्द पुढच्या बाजूला असतो, घटकांची यादी मागे. काळ्या मेंदीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुष्कळ पुड्यांत हेच रसायन असते, कारण निव्वळ मेंदी काळी रंगत नाही.

प्रश्न: सिडकोत मी घरी साबण करून प्रदर्शनांत विकते. वेष्टनावर ‘प्राण्यांवर चाचणी केलेली नाही’ असे छापू का? (गृहउद्योजिका)

उत्तर: छापायला हरकत नाही, पण तो विशेष गुण नव्हे, कारण २०१४ पासून देशात कोणालाच प्रसाधने प्राण्यांवर तपासता येत नाहीत. तुमच्या साबणातले तेल, सुगंध किंवा रंग पूर्वी कधी, दुसऱ्या कशासाठी तपासले गेले असतील, याची हमी तुम्ही देऊ शकत नाही. त्याआधी दोन गोष्टी पाहा. विक्रीसाठी प्रसाधन बनवायला २०२०च्या प्रसाधन नियमांप्रमाणे अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. आणि प्रत्येक घाण्याचा सामू कागदी पट्टीने तपासा. मुरलेल्या साबणाचा तो ९ ते १० असतो; ११च्या पुढे गेला तर कॉस्टिक सोडा शिल्लक आहे, तो घाणा विकू नका. पहिली वडी घरच्या कुत्र्याला लावून पाहते, असे तुम्ही लिहिले आहे. त्याची कातडी तुमच्यापेक्षा नाजूक असते. ते थांबवा.

प्रश्न: माझ्या सासऱ्यांना तंबाखूची सवय आहे. तीन वर्षांच्या नातवाने चुन्याची ट्यूब दाबली आणि चुना त्याच्या डोळ्यात उडाला. शेजारणीने तूप घालायला सांगितले, पण आम्ही नळाखाली धरले आणि दवाखान्यात नेले. डोळा वाचला. आम्ही केले ते बरोबर होते का? (गृहिणी, नाशिक रोड)

उत्तर: अगदी बरोबर केले. चुन्याच्या निवळीचा सामू १२च्या वर असतो, म्हणजे मघाशी सांगितलेल्या ११.५च्या रेषेपलीकडचा, ज्यासाठी कुठल्याही सशाची साक्ष काढायची गरज नाही असा. आम्ल डोळ्यात गेले तर वरचा थर गोठतो आणि तो गोठलेला थरच बऱ्याचदा आम्लाला पुढे जाऊ देत नाही. अल्कलीचे तसे नाही. ती पेशींच्या आवरणातल्या स्निग्धांशाचा साबण करत आत आत उतरते. वरच्या साबण करणाऱ्या ताईंच्या कढईत जे होते तेच. तूप, दूध, गुलाबपाणी किंवा लिंबू यांतले काहीही घालू नये. लिंबाने चुना उतरतो हे भांड्यापुरते ठीक आहे.

चुन्यात आणखी एक खोड असते. त्याचे खडे वरच्या पापणीच्या आत चिकटून राहतात आणि धुऊन झाल्यावरही विरघळत राहतात. म्हणून मुलाला कुशीवर निजवून, दुखरा डोळा खाली ठेवून, नाकाच्या बाजूने कानाकडे पाणी वाहील असे किमान १५ ते २० मिनिटे धुवावे, दोन्ही पापण्या बोटांनी उघड्या धरून, आणि मधूनमधून वरची पापणी उचलून. मूल रडेल, लाथा झाडेल. एकाने डोके धरावे, एकाने पाणी ओतावे. दवाखान्यात वरची पापणी उलटवून पाहायला आवर्जून सांगावे, आणि चुन्याची ती ट्यूब किंवा पुडी पिशवीत घालून बरोबर न्यावी, म्हणजे डॉक्टरांना काय गेले आहे हे विचारत बसावे लागत नाही.